वॉटर बेस पॉलिश, स्प्रे गन आणि आपली फुप्फुसे

यवतमाळ जिल्ह्यात ‘फवारणी’ हा शब्द निघाला की २०१७ सालचा पावसाळा आठवतो. त्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक मारताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, पंप जास्त जोराचे, दोन-तीन औषधांची सरमिसळ आणि तोंडाला फार तर एक रुमाल, अशी बरीच कारणे तेव्हा पुढे आली. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. कोणताही द्रव बारीक थेंबांत फोडला की तो हवेत तरंगतो आणि श्वासावाटे, डोळ्यांवाटे, कातडीवाटे शरीरात शिरतो.

सुतारकामातली स्प्रे गन हासुद्धा एक फवारा पंपच आहे. त्यात कीटकनाशक नसते, त्यामुळे माणूस त्याच दिवशी कोसळत नाही. नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षे होत राहते आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही. आपला जिल्हा सागवानाचा. गावोगावी सुतार आहेत, पॉलिशवाले आहेत आणि घरच्या अंगणात पाट, चौरंग, स्टूल, फोटोच्या चौकटी, पुस्तकांच्या मांडण्या करून चार पैसे मिळवणारी तरुण मुलेही आहेत. अलीकडे त्यांच्यापैकी काही जण थिनरचे पॉलिश सोडून वॉटर बेस पॉलिशकडे वळत आहेत. दुकानात त्यांना सांगितले जाते, “याला वास नाही, म्हणजे त्रास नाही.” हे अर्धेच खरे आहे. कोणते अर्धे खरे, आणि त्यानुसार गन कशी निवडावी, हे या लेखात पाहू.

वॉटर बेसमुळे काय टळते, काय राहते

नेहमीचे एनसी लॅकर किंवा पीयू पॉलिश थिनरमध्ये पातळ करतात. थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, मळमळते. वर्षानुवर्षे ती वाफ घेतली तर मेंदू आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो. आगीची भीती वेगळीच. मेलामाइन पॉलिश वाळताना फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडचा समावेश माणसाला निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केलेला आहे.

वॉटर बेस पॉलिशमध्ये द्रावकाची बरीचशी जागा पाणी घेते. त्यामुळे वाफेचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि पेट घेण्याची भीती जवळजवळ जाते. घराला लागून काम करणाऱ्यासाठी हा मोठाच फायदा आहे.

पण डब्यात निव्वळ पाणी नसते. त्यात ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे राळेसारखे कण असतात. थर नीट बसावा म्हणून थोडे ग्लायकॉल इथर असते. पॉलिश कुजू नये म्हणून जंतुनाशक घातलेले असते आणि त्याने काहींच्या हातांना खाज, पुरळ येते. ब्रशने लावताना हे सगळे डब्यातून थेट लाकडावर जाते. गनने मारताना त्याचे धुके होते. पाणी हवेतच उडून जाते आणि चिकट राळेचे बारीक कण नाकापुढे तरंगत राहतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकातल्या केसांना चुकवून श्वासनलिकांत उतरतात आणि त्याहून बारीक कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात. इतके बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वॉटर बेसला वासही फारसा नसतो. थिनरच्या वासाने माणूस निदान बाहेर तरी पळतो. इथे तो इशाराही मिळत नाही.

यावरून गन निवडण्याचा पहिला नियम निघतो. जी गन जास्तीत जास्त पॉलिश लाकडावर बसवते आणि कमीत कमी हवेत सोडते, ती चांगली. ती फुप्फुसांना बरी आणि खिशालाही बरी.

आधी हे विचारा: गन लागतेच का?

महिन्याला दोन स्टुले आणि चार चौकटी होत असतील तर गनच्या फंदात पडू नका. मऊ नायलॉनचा चांगला ब्रश किंवा फोमचा पॅड घेऊन वॉटर बेसचे तीन पातळ हात द्या. काम नीटनेटके होते आणि हवेत जवळपास काहीच उडत नाही. एकाच मापाच्या वीस-पंचवीस वस्तू, कोरीव काम, जाळीकाम, खुर्च्यांचे गोल पाय अशा कामात गनने वेळ वाचतो आणि सफाई येते. तिथे तिचा विचार करावा.

शेतातला पाठीवरचा पंप धुऊन पॉलिशसाठी वापरणे दोन्ही बाजूंनी चूक आहे. त्याचे थेंब फार मोठे पडतात, आणि टाकीत व नळीत मुरलेले औषध धुऊन पूर्ण जात नाही.

गनचे प्रकार आणि हवेत जाणारा माल

जुनी जास्त दाबाची गन : खाली डबा लटकणारी ही गन बहुतेक पॉलिशवाल्यांकडे असते. ४० ते ६० पीएसआय दाबावर चालते. थेंब इतक्या जोरात जातात की लाकडावर आपटून परत उडतात. या गनने पॉलिशचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच लाकडावर बसतो.

एचव्हीएलपी गन : म्हणजे हवा जास्त, दाब कमी. हिच्या तोंडाशी दाब १० पीएसआयच्या वर जात नाही. फवारा हळुवार पडतो, उलटून कमी येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हवा शुद्ध ठेवण्याच्या नियमांनी अशाच गनांचा आग्रह धरला आणि निदान ६५ टक्के माल वस्तूवर बसला पाहिजे ही मोजपट्टी तिथूनच रूढ झाली. हिशेब करून पाहा. एक लिटर पॉलिश मारले आणि ३० टक्केच बसले, तर ७०० मिली हवेत आणि जमिनीवर गेले. ६५ टक्के बसले, तर ३५० मिली गेले. म्हणजे वाया जाणारा माल निम्म्यावर आला आणि तुमच्या नाकासमोरचे धुकेही त्याच प्रमाणात घटले. बारीक पाय किंवा चौकटीच्या पट्ट्या मारताना फवारा बाजूने निघून जातो, तिथे कोणत्याही गनचे प्रमाण याहून कमी पडते.

एचव्हीएलपीची अडचण म्हणजे तिला हवा फार लागते, मिनिटाला ८ ते १२ घनफूट किंवा त्याहून जास्त. एक अश्वशक्तीचा छोटा कंप्रेसर ढोबळमानाने ३ ते ४ घनफूट देतो. तो लावला तर अर्ध्या मिनिटात फवारा मंदावतो, थेंब जाड पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मग माणूस दाब वाढवतो किंवा पॉलिशमध्ये पाणी ओतत सुटतो. दोन्हींनी काम बिघडते.

एलव्हीएलपी गन : हिचा दाबही कमी आणि हवाही कमी, साधारण ४ ते ६ घनफूट. दोन अश्वशक्तीच्या साध्या कंप्रेसरवर ती चालते. वेग थोडा कमी असतो, पण छोट्या कामाला तो पुरतो. ज्याच्याकडे आधीच छोटा कंप्रेसर आहे त्याच्यासाठी हीच सोयीची.

टचअप गन : १०० ते १५० मिलीच्या कपाची ही लहान गन चौकटी, खेळणी, पेट्या यांसाठी उत्तम. हवा कमी मागते आणि फवाऱ्याचा पट्टा अरुंद असल्याने बाजूला कमी उडते.

टर्बाइन गन : हिला कंप्रेसर लागत नाही, स्वतःचा पंखा असतो. तो कोमट आणि कोरडी हवा देतो. वॉटर बेसला ती मानवते. स्वस्त हातातल्या विजेच्या गनाही याच जातीच्या, पण त्यांचा दाब फार कमी असतो. भिंतीच्या रंगाला त्या ठीक. दाट वॉटर बेस पॉलिशचे थेंब त्या नीट फोडत नाहीत. टर्बाइन घ्यायचीच तर तीन किंवा अधिक टप्प्यांची घ्यावी. तिचा आवाज मोठा असतो, तेव्हा कानात बोळे हवेत.

एअरलेस : मोठ्या इमारतींच्या रंगाचे हे यंत्र छोट्या सुतारकामासाठी नाही. त्याचा दाब हजारो पीएसआय असतो. नोझलपुढे बोट आले तर रंग कातडी भेदून आत घुसतो. भोक टाचणीएवढे दिसले तरी ही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. घरी मलम लावून थांबू नये.

विकत घेताना काय तपासावे

पहिली गोष्ट धातूची. पाणी लोखंडाला गंज चढवते आणि गंजाचे तांबडे ठिपके पॉलिशमध्ये उतरतात. सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचे आहे का, पॉलिश जिथून वाहते तो आतला मार्ग गंजणारा तर नाही ना, हे दुकानदाराला विचारा. कप प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा चालेल.

दुसरी गोष्ट नोझलच्या भोकाची. पातळ वॉटर बेस पॉलिशला १.३ ते १.५ मिमी, दाट सीलरला १.८ मिमीपर्यंत, आणि टचअप गनला १ मिमीच्या आसपास. एकच नोझल घ्यायची तर १.४ मिमीची घ्या.

तिसरी गोष्ट कपाच्या जागेची. कप वर असलेली गन घ्यावी. माल वजनाने खाली येतो, त्यामुळे कमी दाबात काम होते, शेवटचा थेंबही वापरला जातो आणि धुणे सोपे जाते.

चौथी गोष्ट दाबाची. दाबाचे घड्याळ गनच्या मुठीशी हवे. कंप्रेसरवरचे घड्याळ टाकीतला दाब दाखवते. लांब नळीतून गनपर्यंत येताना तो कमी होतो. कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल येते, म्हणून मध्ये पाणी धरणारा फिल्टर बसवा. तेलाचा एक थेंबही वॉटर बेसच्या थराला खड्डे पाडतो.

पाचवी गोष्ट पैशाच्या वाटणीची. सगळे पैसे गनवर घालू नका. गन, फिल्टर आणि मास्क यांचा हिशेब एकत्र मांडा. मास्कला पैसे उरत नसतील तर गन त्या महिन्यात घेऊ नका, ब्रशने काम चालवा.

मास्क कोणता?

रुमाल, गमछा, ओढणी यांनी धूळ थोडी अडते. पॉलिशचे धुके त्यांतून आरपार जाते. सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा आत येते, म्हणून तोही उपयोगाचा नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे असलेला एफएफपी-२ किंवा एन-९५ मास्क बारीक कण अडवतो, पण वाफ अडवत नाही. उघड्यावर, वॉटर बेसच्या थोड्या कामाला तो पुरेसा धरता येतो. रोजचे काम असेल तर दोन डब्यांचा रबरी अर्धा मास्क घ्यावा. त्याला सेंद्रिय वाफेचे काड्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर, दोन्ही हवेत. मास्क घातल्यावर पॉलिशचा वास येऊ लागला की काड्रिज संपले असे समजा आणि बदला. काम संपले की मास्क बंद पिशवीत ठेवा, नाहीतर काड्रिज टांगल्या जागी हवा पीत राहते. दाढी असेल तर मास्क गालाला नीट बसत नाही. डोळ्यांना बंद चष्मा आणि हातांना नायट्राइलचे मोजे वापरावेत.

एक इशारा वेगळा द्यायला हवा. काही वॉटर बेस पॉलिश दोन डब्यांत येतात, पॉलिश वेगळे आणि हार्डनर वेगळा. त्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. त्याच्या वासावर विसंबता येत नाही, कारण वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून काड्रिज वेळेवर बदलले की नाही हेही कळत नाही. अशा कामाला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या अंगणात ही सोय नसते. तेव्हा एका डब्याचेच वॉटर बेस घ्या, आणि दोन डब्यांचे वापरावेच लागले तर गनने मारू नका.

कुठे, केव्हा आणि कसे मारावे

शेतात फवारताना वाऱ्याच्या तोंडावर जायचे नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. इथेही तोच नियम. वारा पाठीकडून किंवा बाजूने यावा आणि धुके तुमच्यापासून दूर न्यावे. खोलीत मारायचे तर पाठीमागचे दार उघडे आणि समोरच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. छताचा पंखा चालू ठेवू नका, तो धुके खोलीभर फिरवतो. फवारा संपल्यावरही धुके बराच वेळ हवेत राहते. तोवर मास्क काढू नये. लहान मुले, गरोदर बाई, दम्याचा माणूस आणि पिण्याच्या पाण्याचे माठ त्या जागेपासून लांब असावेत. जागा झाडणाऱ्या बाईला वाळलेली भुकटी श्वासात घ्यावी लागते. आधी पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा आणि तिलाही मास्क द्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात थेंब वाटेतच वाळतात, लाकडावर खरखरीत भुकटी बसते आणि उरलेली हवेत राहते. उन्हाळ्यात सकाळी लवकर सावलीत मारा. भर पावसाळ्यात थर वाळायला वेळ लागतो. दोन हातांमध्ये जास्त वेळ जाऊ द्या.

पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा. सागवानात तेल असते, त्यावर वॉटर बेस कधीकधी धरत नाही. मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात खाली दिला तर धरते. चपड्यात स्पिरिट असते, तेव्हा ते लावताना विडी आणि चूल लांब. घासताना उडणारी लाकडाची धूळही साधी नाही. फॉर्मल्डिहाइडच्याच यादीत तीही कर्करोग घडवणारी म्हणून नोंदलेली आहे. घासतानाही मास्क हवाच.

पॉलिश बारीक जाळीतून गाळून घ्या. पाणी डब्यावर सांगितले तेवढेच मिसळा, थिनर मुळीच नको. आधी जुन्या पुठ्ठ्यावर मारून पाहा. फवारा सारखा पडेल तेवढाच दाब ठेवा, त्यापुढचा प्रत्येक पीएसआय धुकेच वाढवतो. गन लाकडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, सरळ आणि समांतर चालवा. मनगटाने कमान केली तर दोन्ही टोकांना माल हवेत जातो. हात फिरायला लागल्यावर घोडा दाबा, थांबण्याआधी सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात चांगले.

काम झाल्या झाल्या गन पाण्याने धुवा. वॉटर बेस एकदा वाळले की पाण्याने निघत नाही. धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नका. भुशात जिरवून वाळवा आणि कचऱ्यात टाका.

शरीर काय सांगते, ते ऐका

कामाच्या दिवशी खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, रात्री घरघर. आणि दोन-चार दिवस सुट्टी घेतली की बरे वाटणे. ही कामातून जडलेल्या दम्याची ठळक खूण आहे. “हवा लागली असेल” म्हणून ती टाळू नका. डॉक्टरांकडे जाताना पॉलिशच्या डब्याचा फोटो न्या आणि आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, हे स्वतःहून सांगा, कारण गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न बहुतेकदा विचारला जात नाही. डोळ्यात फवारा गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवा. दम लागून बोलता येईना तर १०८ वर फोन करा.

लहान मुलांची खेळणी किंवा पाळणा रंगवताना डब्यावर शिसे नसल्याची नोंद पाहा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

साधनांसाठी पैसे उभे करताना पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रातून होते. प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची मांडणी आहे. इमारतींवर सुतारकाम किंवा रंगकाम करणाऱ्यांनी, वर्षात ९० दिवस काम झाले असेल तर, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी.

शेवटी, मालकाच्या कारखान्यात पॉलिश मारणाऱ्या तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे. मास्क, चष्मा आणि हवेशीर जागा ही मालकाची मेहेरबानी नाही, ती कामाचाच भाग आहे. गन हातात देणाऱ्याने मास्कही द्यायचा असतो. तो मागताना संकोच करू नका, आणि तुमच्या हाताखाली एखादा मुलगा काम शिकत असेल तर आधी त्याच्या तोंडावर मास्क चढवा आणि मगच त्याच्या हातात गन द्या.